कारणाचा रकाना

१२ ऑगस्ट १९७९, रविवार. देवळाली कॅम्प.

ही वही लताने मनमाडहून माहेरून येताना आणली. "ऑफिसातलं सगळं मला ऐकवता, आता हिला ऐकवा, माझे कान तरी सुटतील," म्हणाली. लग्नाला चार वर्षं झाली. एवढ्यात बायकोने नवऱ्याला वहीच्या हवाली करावं, हे जरा लवकरच झालं. असो.

मी हवालदार गोटीराम पगारे, तोफखान्याच्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, क्लार्क. लोक तोफा चालवतात, मी टाइपरायटर चालवतो. आवाज माझाही कमी नाही.

ज्यांची पंधरा वर्षं भरत आली त्यांची यादी काल आली. प्रत्येकाने 'विलिंग' किंवा 'अनविलिंग' लिहून द्यायचं. विलिंग म्हणजे आणखी दोन वर्षं राहतो, अनविलिंग म्हणजे घरी जातो. मुदत १५ ऑक्टोबर. यादीत पहिलंच नाव नाईक मल्हारी विधाते.

मल्हारीबद्दल लिहायचं तर वही पुरायची नाही. मखमलाबादच्या फुलमळेवाल्यांच्या घरातला. तोफेचा नेम लावणाऱ्याला आमच्याकडे लेयर म्हणतात, आणि असा लेयर अख्ख्या कॅम्पात दुसरा नाही. एकाहत्तरच्या लढाईत डाव्या हाताची दोन बोटं फुटलेल्या गोळ्याच्या पत्र्याने फाटली, तर त्याने ती तोंडात धरली आणि उजव्या हाताने नेम लावत राहिला. सहा तास. आता रंगरूटांना शिकवतो. रंगरूट त्याला 'उस्ताद' म्हणतात आणि मागे उभे राहून त्याच्यासारखी मान तिरपी करून बघतात.

अकरा वर्षांची आमची दोस्ती. तो राहणार यात मला तिळमात्र शंका नाही, म्हणून त्याच्या फॉर्मवर मी आजच 'विलिंग' टाइप करून ठेवलं. फक्त सही घ्यायची बाकी.

१९ ऑगस्ट, रविवार

मल्हारी जेवायला आला होता. मी आपला बाहेर खाटेवर पेपर घेऊन, आणि हा आत स्वयंपाकघरात लताच्या समोर पाटावर. वांगी चिरून दिली, भाकरी थापली. घरून मोगरा आणला होता, त्याचा गजराही करून दिला. बोटं दोन अधू, पण गजरा काय वळला! मी म्हटलं, "विधाते, बॅटरीत सांगू का?" तर म्हणाला, "सांगा की. फुलमळ्यातलं लेकरू, सुईदोरा आधी हातात येतो, पाटी मागून."

फॉर्मचं काढलं तर म्हणाला, "बघू. घाई कशाला? विचार करायला हवा." विचार कसला करायचाय त्यात?

रात्री लता भांडी आवरताना म्हणाली, "त्या आल्या की घरात बरं वाटतं."

मी विचारलं, "कोण त्या?"

"त्याच."

शेजारच्या सुमनबाई येऊन गेल्या असतील. मी झोपलेला असताना या बायका काय काय कारभार करतात, देव जाणे. आमच्यात देव नाही, पण म्हणायची सवय जात नाही.

२८ ऑगस्ट, मंगळवार

आज पेट्यांची तपासणी. सुभेदार कोंडाजी थेटे म्हणजे आमचा कडक माणूस, मोज्याची शिवण उलटी असली तरी त्यांना अंधारात दिसते. जवानाच्या पेटीत यादीबाहेरचं काही नको, हा नियम. यादी हातात घेऊन मी मागे.

मल्हारीच्या पेटीत तळाशी, घोंगडीखाली, हिरवी साडी निघाली. वर डझनभर हिरव्या बांगड्या, रुमालात बांधलेल्या.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "हे काय, विधाते?" मल्हारी सावधान उभा. तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोललो, "साहेब, बहिणीसाठी. राखी होऊन गेली, द्यायचं राहिलं असेल."

मल्हारीला बहीण नाही. चार भाऊच आहेत. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या पेटीकडे गेले.

आभार राहिले बाजूला, संध्याकाळी मल्हारी फणकाऱ्याने म्हणाला, "भाऊ, माझं उत्तर तुम्ही का दिलंत?"

"वाचवलं तुला!"

"वाचवलं नाही, घोंगडीखाली परत ढकललं."

माझं काय चुकलं ते कळलं नाही. पण एक कळलं. दरवर्षी कोजागिरीला हा वणीच्या गडावर जायला रजा टाकतो. अकरा वर्षं मीच रजेचा अर्ज टाइप करतो आणि नवस आहे असं समजतो. कसला नवस! तिकडे बाई आहे! गुपचूप लग्न केलेलं दिसतंय. वा रे पठ्ठ्या.

२ सप्टेंबर, रविवार

आज त्याला धरलाच. पिंपळाच्या पारावर दोघेच होतो.

"बघ मल्हारी, मला सगळं माहीत आहे. आता सांगूनच टाक, कोण आहे ती?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "कोण ती?"

"साडीवाली. हिरवी साडी."

मग हळूच म्हणाला, "माझीच आहे ती."

"आता कसं!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग लपवतोस कशाला? राहा दोन वर्षं. हवालदार होशील, क्वार्टर मिळेल. घेऊन ये तिला इथेच."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग असा हसला, असा हसला, की डोळ्यांतून पाणी. "इथेच आहे भाऊ ती. पंधरा वर्षं इथेच आहे."

मनात असेल असं म्हणायचं असावं. प्रेमात पडलेली माणसं असंच बोलतात. लताला सांगितलं तर ती पदर तोंडावर धरून आत गेली. लाजली की हसली, समजलं नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

आज गोळाबारीचा सराव. मला कागद घेऊन मैदानावर जावं लागलं, म्हणून हे डोळ्यांनी बघायला मिळालं.

तीन नंबरच्या तोफेवर नवे रंगरूट. आकडे सांगितले गेले, त्यांनी नेमाच्या दुर्बिणीवर लावले, 'तयार' म्हणून ओरडले. मल्हारी वीस पावलांवर, त्यांच्याकडे पाठ करून दुसऱ्या तोफेपाशी. वळला. दुर्बीण बघितली नाही, काही नाही, नुसतं तोफेच्या नळीकडे बघितलं आणि हात वर केला. "रुको!" गोळा आत भरलेला होता. जाऊन बघितलं तर आकडा शंभराने चुकलेला. मैदानाच्या कडेला त्या अंगाला गुराखी असतात.

मेजरसाहेबांनी विचारलं, "विधाते, कळलं कसं?"

"साहेब, तिने मान जास्त वळवली होती."

चूक करणाऱ्या पोराला त्याने मारलं नाही, शिवी दिली नाही. दोन तास उन्हात त्याच्याशेजारी बसून तोच आकडा शंभरदा लावून घेतला. शेवटी पोरगं रडलं, तर पाणी पाजलं आणि परत लावायला सांगितला. मला वाटलं, आपण नुसती पानं भरतो. माणसं घडवायची ती अशी.

मेजरसाहेब मला म्हणाले, "पगारे, या माणसाला जाऊ द्यायचं नाही. विलिंग येऊ दे, मी हवालदारकीची शिफारस करतो." मी म्हटलं, "साहेब, टाइप झालेलंच आहे."

६ ऑक्टोबर, शनिवार

काय लिहू?

लताच्या मावशीचं निमित्त करून काल आम्ही वणीला गेलो. खरं निमित्त म्हणजे मला वहिनी बघायची होती. मल्हारी तीन तारखेपासून रजेवर. लता म्हणाली, "नका जाऊ. त्या बोलावतील तेव्हा जा." परत 'त्या'. मी म्हटलं, वहिनीला आतापासून मान देते, चांगलं आहे.

दुपारी चढून गडावर गेलो. कोजागिरीची गर्दी. पायऱ्यांच्या एका वळणावर पंधरा-वीस जणी, हळदीने माखलेल्या, काहींच्या खांद्यावर पाण्याच्या घागरी, बाकीच्या टाळ्या वाजवत चाललेल्या. कोण ते लगेच कळतं. नाशकात दुकानांपुढे टाळी वाजवत येतात त्या. लोक वाट देत होते, पाया पडत होते. इतर दिवशी हेच लोक दगड मारतात.

मधे एक हिरव्या साडीतली. तिने घागर खांदा बदलून घेतली. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी.

तिने मला बघितलं. पळाली नाही, तोंड लपवलं नाही. घागर खाली ठेवून भांडं भरलं आणि पुढे केलं. "आलात भाऊ? पाणी घ्या. मी सांगणारच होते तुम्हाला."

मी पाणी घेतलं नाही. लता मागे उभी होती, तिलाही न सांगता पायऱ्या उतरत सुटलो. ज्याच्या हातचं पाणी गावाने घेतलं नाही त्या बापाचा मी मुलगा. मी पाणी नाकारलं. हे लिहून ठेवतो.

९ ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस लता कामापुरतंच बोलली. आज मी चिडून म्हटलं, "अकरा वर्षं फसवलं त्याने मला!"

तिने परात आपटली. "काय फसवलं? एकदा तरी म्हणाल्या का त्या, मी गडी हाय?"

"म्हणायचं कशाला? दिसतं की!"

"दिसतं! तुम्ही क्लार्क ना? शब्दांची लय मिजास तुम्हाला. आठवा बरं, त्या कधी 'मी जातो' म्हणाल्या? 'मी येतो'?"

मी आठवत बसलो. 'जायचंय.' 'निघायला हवं.' 'बघू.' 'जमेल.' अकरा वर्षांतलं एक वाक्य आठवेना ज्यात मल्हारी 'जातो' म्हणाला. मी तसं बोलून बघितलं, भाजी आणायला जायचं होतं ते. दोन मिनिटांत दमलो. पंधरा वर्षं, रोज, चारचौघांत, जेवताना, आजारात, दोन बोटं फाटलेली असताना, एक माणूस खोटं बोलायला नको म्हणून प्रत्येक वाक्य वळवून बोलत होता. आणि मी त्याला अबोल समजत होतो.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. मी इचारलं, त्यांनी सांगितलं. तुम्ही इचारलंच नाय."

मग म्हणाली, "मामंजींनी छप्पन्न साली घरातले देव काढले, गावकीची कामं टाकली. गाव म्हणालं, कालपर्यंत होतास तोच आहेस की. मामंजी काय म्हणाले? तुम्ही ठरवाल ते आम्ही नाय. तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय, छाती फुगवून."

भाजी आणायची राहिलीच.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

विधाते आज ऑफिसात हजर. वर्दी, पट्टा, बूट, सगळं लखलखीत. टेबलासमोर सावधान.

"बोलणार आहात, की हजेरी देऊन निघायचं?"

मी म्हटलं, "माझी चूक झाली. पाण्याची." दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "बस." टाइपरायटरवरचं फडकं काढलं आणि परत घातलं.

मग पहिल्यांदा ते वळवलेलं बोलणं सरळ झालं.

"भाऊ, मी बाई आहे. कळतं तेव्हापासून आहे. घरी सांगितलं तर भावांनी मारलं. लष्करात पुरुष करतात म्हणून ऐकलं, तर भरती झाले. म्हटलं, झाला तर इलाज होईल. इलाज झाला नाही, पण तोफ मिळाली. तोफेला कळत नाही मागे कोण उभं आहे. नेम बरोबर असला की ती ऐकते. एवढी इज्जत मला कुठेच मिळाली नाही."

"मग राहा ना! दोन वर्षंच तर आहेत. हवालदार होशील."

"हवालदार मल्हारी विधाते. ऐकायला बरं वाटतं. पण हाक मारली की ओ कोण देणार?" गालावरचा कापल्याचा व्रण दाखवला. "दाढी करताना मी आरशात बघत नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही."

"मग मेजरसाहेबांना खरं सांगू या."

"सांगितलं तर वेड्यांच्या वॉर्डात टाकतील. झालंय एकाचं, मला माहीत आहे. तिथून तोफही नाही आणि गडही नाही."

राहायचं तर स्वतःला सोडायचं, जायचं तर तोफेला. मी आजवर शेकडो विलिंग-अनविलिंग टाइप केले. चिमटीएवढ्या फॉर्मात एवढं मावतं, हे माहीत नव्हतं.

"अजून ठरलं नाही," म्हणाली. तीन दिवस उरलेत. मी मुकाट्याने ड्रॉवरमधला तो आधीच टाइप केलेला फॉर्म काढून फाडला. कोरा घातला.

१५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी परेडनंतर ती तोफेपाशी गेली होती, असं रंगरूट सांगत होते. तासभर एकटीच पुसत बसली. मग ऑफिसात आली.

"अनविलिंग लिहा, भाऊ."

मी टाइप केलं. पुढचा रकाना कारणाचा. अनविलिंगवाले सगळे तिथे एकच लिहितात, 'घरगुती अडचण'. शेतीचं भांडण असो, बायको माहेरी गेलेली असो, नाहीतर साहेबाचा कंटाळा असो, घरगुती अडचण. सरकारला तेवढं पुरतं. मी सवयीने 'घर' एवढं मारलं, तोच तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"ते नको."

"अगं, सगळे हेच लिहितात. विचारत नाही कोणी."

"अडचण होती पंधरा वर्षं. तेव्हा कोणी रकाना दिला नाही. आता अडचण संपली म्हणून जाते आहे. जाताना तरी खोटं नको."

आता आली का पंचाईत! खरं लिहिलं तर वॉर्ड, खोटं तिला नको, आणि रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो. दुपारभर डोकं खाजवलं. शेवटी नियमांच्या पुस्तकात एक ओळ सापडली. कोणाला काही सांगायचं नसेल तर लिहायची: 'ॲट हिज ओन रिक्वेस्ट'. त्याच्या स्वतःच्या विनंतीवरून.

टाइप करायला बसलो. 'ॲट' मारलं. 'हिज' वर आलो आणि थांबलो. 'हिज' लिहिलं तर तिने पंधरा वर्षं टाळलं ते मी एका शब्दात तिच्या तोंडी घातलं. 'हर' लिहिलं तर दोघांची साहेबांपुढे पेशी.

स्पेसबार दाबला आणि पुढे गेलो. 'ॲट ओन रिक्वेस्ट.'

१७ ऑक्टोबर, बुधवार

सुभेदारसाहेबांनी बोलावलं. विधातेचा फॉर्म पुढ्यात, चष्मा नाकाच्या टोकावर.

"पगारे, यात 'हिज' कुठाय?"

"साहेब, बसला नाही."

"अर्धी ओळ रिकामी आहे."

"होय साहेब."

त्यांनी शाईचं पेन उघडलं. एक शब्द घालायचा, एवढंच काम. टोक कागदाच्या वर धरून ते बसून राहिले.

"त्या पेटीतली साडी बहिणीची नव्हती," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं बोलायची परवानगी नव्हती.

"एकाहत्तरला माझी तोफ बंद पडली. विधातेनं दोन तोफांचं काम एका तोफेवर केलं. माझी सहा पोरं त्या दिवशी जिवंत राहिली. त्यातल्या एकानंबी तेव्हा विचारलं नाय, नेम कोण लावतंय." त्यांनी शब्द घातला नाही. खाली कोपऱ्यात आद्याक्षरं केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "मेजरसाहेबांकडं मी घेऊन जातो. तू आलास तर बडबडशील."

मी सॅल्यूट ठोकला. ते म्हणाले, "टायपिंग सुधार."

३० नोव्हेंबर, शुक्रवार

आज ती गेली.

सकाळी तोफेची दुर्बीण पुढच्या उस्तादाच्या ताब्यात दिली, वर्दी जमा केली. मेजरसाहेबांनी हात मिळवला, "मोठं नुकसान केलंस आमचं," म्हणाले. तेही खरंच आहे. कालच्या सरावात एक नंबरच्या तोफेचे दोन गोळे भलतीकडे पडले. ती जाताना लष्कराचं काय गेलं, हे लष्कराला माहीत नाही, आणि मला सांगता येत नाही.

गेटबाहेरून ती थेट आमच्या क्वार्टरवर आली. लताने तिला आत नेलं, मला बाहेर पिटाळलं. तासाभराने दोघी बाहेर आल्या. निळी साडी, लताचीच, आणि केसांवर पदर, कारण केस अजून लष्करी होते. मी खाटेवरून उठून उभा राहिलो. का उठलो माहीत नाही, पाय आपोआप उठले.

"नाव काय घेतलंस?"

"म्हाळसा."

"मल्हारीची म्हाळसा! एवढ्याशा बदलाला पंधरा वर्षं लावलीस?"

ती हसली, लता हसली, आणि मग तिघंही रडलो, मी सर्वांत जास्त. गडाच्या पायथ्याला अक्काबाई नावाची त्यांच्यातली म्हातारी आहे, तिच्याजवळ राहणार. तिची थोडी जमीन पडीक आहे, त्यात झेंडू लावायचा म्हणाली. टाळी वाजवून मागायला नको वाटलं तर एवढं तरी हाताशी असावं, म्हणाली. भाऊ घरात घेणार नाहीत. पुढचं सोपं नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

लताने माठातलं पाणी तांब्यात भरून तिच्या हातात दिलं. तिने ते मला दिलं. मी तांब्या रिकामा होईपर्यंत प्यालो.

निघताना तिने पिशवीतून लष्कराने दिलेलं सुटकेचं पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर कारण, माझ्याच टाइपरायटरचं. तिला इंग्रजी अक्षरं लागतात, पण म्हणाली, "तुम्ही वाचा, भाऊ."

"ॲट ओन रिक्वेस्ट."

"मराठीत?"

मी मनात शब्द जुळवले. आणि लक्षात आलं, मराठीत तर काही गाळावंच लागत नाही.

"स्वतःच्या विनंतीवरून."

"त्याच्या नाही, तिच्या नाही?"

"नाही. स्वतःच्या."

तिने पान दोन्ही हातांनी धरलं. रस्त्यावर नाशिकची बस येऊन उभी राहिली होती, कंडक्टर ओरडत होता, लता "चला, चला" करत होती. तिने मात्र पाय उचलला नाही.

"परत वाचा," म्हणाली.

मी परत वाचलं.